आधी परत सांगा, मग गोळी

माझ्या हातात गोळ्यांचं पाकीट आलं की मी अजूनही ताठ उभा राहतो आणि गोळी कशी घ्यायची, घेतल्यावर काय करायचं नाही, हे मोठ्यानं म्हणून दाखवतो. समोर कुणी नसलं तरी. घरच्यांना त्याची सवय झाली आहे. परवा मुलीची एक मैत्रीण आली होती, तिनं मात्र हळूच विचारलं, "काका औषधांशी बोलतात का गं?" मुलगी म्हणाली, "नाही गं, ते पूर्वी राजाजीनगरात राहायचे." जणू बंगळुरात राजाजीनगरात राहिलेली सगळीच माणसं असं करतात.

तशी करतातही. निदान आमच्या वेळी त्या एका दुकानातून औषध घेतलेली माणसं तरी करायची.

दुकान अण्णांचं. पाटीवर त्यांचं नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. बंगळुरात ज्याला मान द्यायचा त्याला अण्णा म्हणतात आणि ह्यांना सगळेच मान देत. काही मनापासून, काही औषध हवं असे म्हणून. वरच्या मजल्यावर त्यांची धाकटी बहीण राहायची. ती आम्हा सगळ्यांची अक्का. तीसुद्धा भावाला अण्णाच म्हणे आणि अहो-जाहो करी. दोघांचंही लग्न झालेलं नव्हतं. आईवडील कधीच गेलेले. "ह्यांना अरे म्हणणारं आता राजाजीनगरात कुणी उरलं नाही," अक्का म्हणायची, "म्हणून एवढे चढून बसलेत त्या स्टुलावर."

स्टूल खरंच उंच होतं. त्यावर बसलेले अण्णा, अंगात बारा महिने एकच तपकिरी स्वेटर. बंगळुरात त्या काळी स्वेटर घालणं काही विशेष नव्हतं, पण हे एप्रिलातही काढत नसत. अक्काला विचारलं तर ती हात जोडायची. "आंघोळीला काढतात की नाही, ते मी विचारत नाही. घरात शांतता हवी ना!"

त्यांचं घराणं तीनेकशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आलेलं. घरात मराठी, दारात कन्नड, गिऱ्हाइकाशी जी चालेल ती. मी साताऱ्याहून एका सरकारी कारखान्यात नोकरीला लागून नवा नवा आलो होतो. पहिल्यांदा त्यांचं मराठी ऐकून मला वाटलं, हे कानडी बोलताहेत. माझं मराठी ऐकून त्यांना वाटलं, मी भांडायला आलोय.

मी खोकल्याचं औषध मागितलं होतं.

"कुणाला?"

"मला."

"कोरडा की ओला?"

मी विचारात पडलो. आयुष्यात कुणी माझ्या खोकल्यात एवढा रस घेतला नव्हता.

"खोका बघू," अण्णा म्हणाले.

मागे माणसं उभी होती. मी खोकलो. मागचा एकजण तमिळमध्ये काहीतरी म्हणाला, बहुधा 'ओला'. अण्णांनी मान डोलावली, बाटली काढली, झाकणात थोडं ओतून आधी स्वतः चाखलं. ही त्यांची रीत होती. नवं पातळ औषध दुकानात आलं की ते पहिल्यांदा त्यांच्या पोटात जायचं. "लहान पोराच्या घशात घालायचं आणि आपल्याला चव माहीत नाही, हे कसं चालेल?" त्यांना खोकला नव्हता, ताप नव्हता, जंत नव्हते, पण ह्या तिन्हींवरची सगळी औषधं त्यांच्या जिभेवरून गेली होती. गुलाबी रंगाच्या एका औषधाबद्दल ते हळवे होऊन बोलत.

मग त्यांनी सगळं समजावलं. कधी घ्यायचं, किती घ्यायचं, झोप येईल, घेतल्यावर स्कूटर चालवायची नाही. मी "बरं" म्हणून हात पुढे केला. बाटली त्यांनी मागे घेतली.

"परत सांगा."

"काय?"

"मी काय सांगितलं ते. परत सांगा, मग औषध."

मी शाळेत पाठांतराला उभं राहणारा मुलगा नव्हतो. बाकावर उभा राहणारा होतो. दुसऱ्याच वाक्याला अडखळलो. मागच्या माणसांना घाई असेल असं मला वाटलं होतं, पण ती हसत हसत मला पुढचे शब्द सांगू लागली. त्यांचं सगळं पाठ होतं. त्या गल्लीत कुणाला काय झालंय, हे कुणापासून लपून राहायचं नाही. पण चुकीचं औषधही सहसा कुणी घ्यायचं नाही.

पाकिटावर ते लिहीत नसत, चित्र काढत. गिऱ्हाईक तेलुगू असो, उर्दू असो, निरक्षर असो, सूर्य सगळ्यांना वाचता येतो. सकाळची गोळी म्हणजे अर्धा सूर्य, रात्रीची म्हणजे चंद्रकोर, जेवणानंतरची म्हणजे ताट आणि त्यात एक इडली. इडली का, तर पोळी काढली तर ती पूर्ण सूर्यासारखी दिसते, हे त्यांचं उत्तर. एकदा माझ्या पाकिटावर त्यांनी स्कूटर काढून त्यावर फुली मारली. स्कूटर इतकी हुबेहूब होती की मी ते पाकीट बरेच दिवस टाकलं नाही.

अक्काचं मत वेगळं होतं. "लग्न केलं असतं ना, तर बायकोनं चहा आणून दिल्यावर ह्यांनी विचारलं असतं, जेवणापूर्वी की जेवणानंतर? आणि तिच्याकडून परत म्हणवून घेतलं असतं."

दुकानात दोरीला बांधलेली एक पाटी होती. 'येतो' एवढंच तीन भाषांत लिहिलेलं. ती दाराला लटकली की समजायचं, अण्णा सायकलवरून कुणाच्या तरी मागे गेलेत. गिऱ्हाईक निघून गेल्यावर ह्यांना काहीतरी आठवायचं, एखादी शंका यायची, आणि ती फेडल्याशिवाय ह्यांना स्टुलावर बसवत नसे. एक निवृत्त हेडमास्तर सर्दीची गोळी घेऊन गेले आणि जाता जाता म्हणाले, म्हैसूरला लग्नाला निघालोय. अण्णांना ते 'निघालोय' मागाहून ऐकू आलं. पाटी लटकली, सायकल पळाली. मास्तर गाडीत बसतच होते. अण्णांनी बोलणं वगैरे काही केलं नाही, खिडकीतून हात घालून किल्ली काढली आणि म्हणाले, "उद्या सकाळी दुकानातून घेऊन जा, सार."

मास्तर दुसऱ्या दिवशी आले ते संतापूनच. आदल्या दुपारी गोळी घेऊन जे आडवे झाले ते संध्याकाळच्या दिवेलागणीला उठले होते. लग्न हुकलं होतं.

"हुकू द्या," अण्णा किल्ली पुढे करत म्हणाले. "त्यांना मूल होईल की नाही? बारशाला जा."

ह्यात गंमत अशी की मास्तरांनी पुढं सगळ्या गल्लीत ही गोष्ट स्वतःच सांगितली, आणि प्रत्येक वेळी म्हैसूरच्या वाटेवरचा ट्रक थोडा मोठा होत गेला.

समोर काचेच्या दाराचं एक नवं दुकान झालं. तिथं चिठ्ठी दाखवली की गोळी मिळायची, कुणी खोकायला लावत नसे. मी एकदा घाईत तिथून गोळ्या आणल्या. रस्ता ओलांडला आणि लक्षात आलं की ह्या जेवणापूर्वी की नंतर, ते आपल्याला माहीतच नाही. पाकिटावर ना सूर्य ना इडली. मी खालमानेनं अण्णांसमोर जाऊन उभा राहिलो. ते म्हणाले, "दुसऱ्या दुकानाच्या गोळीचं मी सांगत नाही." मग पाकीट ओढून घेतलं, पेन काढलं आणि एक इडली काढून दिली.

आता माझ्या पाठीचं सांगतो.

लग्न होऊन चार-सहा महिने झाले होते. बायको बंगळूरचीच, जुन्या पेठेतल्या मराठी घरातली. हिच्या घरचा पत्र्याचा आणि पितळी भांड्यांचा जुना धंदा. माझ्यासारखा साताऱ्याचा जावई त्या घरात पहिलाच, त्यामुळे सगळे जरा जपूनच माझ्याकडे बघत. तर त्या दिवशी सकाळी मला हिच्यावर छाप पाडायची होती. स्कूटर सुरू होत नव्हती. त्या काळी स्कूटर रुसली की तिला एका बाजूला कलती करायची आणि मग लाथ मारायची, ही पुरुषाची विद्या होती. ही फाटकात उभी. मी स्कूटर अशी काही कलती केली की ती कललीच. तिला सावरायला मी वाकलो, आणि कमरेत काहीतरी कडकन लागलं. स्कूटर मी सोडली नाही, हे मला नमूद करायचंय. हिचं म्हणणं, सोडता येत नव्हती.

डॉक्टरांनी दुखणं थांबवायची एक आणि स्नायू सैल करायची एक, अशा गोळ्या लिहून दिल्या. संध्याकाळी आम्ही दोघं अण्णांकडे गेलो. मी ज्या अंशात वाकलो होतो त्यामुळे प्रथमच माझी नजर त्यांच्या स्टुलाच्या पायाशी होती.

अण्णांनी चिठ्ठी वाचली, गोळ्या काढल्या, चंद्रकोर काढली. "ह्या गोळीनं झोप येईल. गरगरल्यासारखं होईल. स्कूटर नाही. उठताना सावकाश, आधी कुशीवर, मग बसायचं, मग भिंत धरून. सरी?"

"सरी," मी म्हणालो. कन्नडमध्ये सरी म्हणजे बरं. एवढं मला तोवर येऊ लागलं होतं.

"दिवाळी कुठं?"

"हिच्या माहेरी. पहिला सण आमचा."

इथपर्यंत ठीक होतं. पण हिला माझी काळजी होती, आणि काळजीत ही फार बोलते. "बरंच झालं की अण्णा, ह्यांना गोळी मिळाली ती. आमचे अज्जा मालिश करतात ना जावयाला पहिल्या दिवाळीत. सगळे जावई ओरडतात हो. मोठ्या भावजींचं ओरडणं तर शेजारच्या गल्लीत ऐकू गेलं होतं. ह्यांना गोळीमुळे कळणारच नाही. एक हूं की चूं नाही करणार!"

अण्णा स्टुलावरून खाली उतरले. त्यांना मी गिऱ्हाइकासमोर उतरलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"अज्जा म्हणजे कुठले? पेठेतल्या गरडीतले?"

गरडी म्हणजे कन्नडमध्ये तालीम. हिचे आजोबा म्हणजेच अज्जा तरुणपणी तिथले नामांकित पैलवान होते, आणि पेठेतल्या जुन्या माणसांना त्यांच्या हाताची कीर्ती ठाऊक होती. सत्तरी उलटली होती, पण पितळेचा हंडा ते अजून एका हातानं उचलत.

"अय्यो," अण्णा म्हणाले, आणि गोळ्यांचं पाकीट परत काउंटरच्या आत घेतलं. "ओरडायचं नाही म्हणता? मग हात थांबायचा कसा? मालिश करणारा काय डोळ्यांनी बघतो आतलं? तुम्ही ओरडलात की त्याला कळतं, इथं बास. दुखणं हाच त्याचा लगाम. ही गोळी नेमका तोच सोडून देते. स्नायू सैल, माणूस अर्धा झोपेत, दुखलेलं कळत नाही. तो दाबत जाणार, तुम्ही दाबून घेत जाणार. दुसऱ्या दिवशी उठाल तेव्हा कळेल काय झालं ते. आणि वर कढत पाणी! आंघोळीच्या खोलीत चक्कर येऊन पडला म्हणजे दिवाळी झाली."

"थोडंसं तेल तर लावू द्यायचं की नाही?" ही जरा घाबरून म्हणाली.

"डोक्याला लावा. हलक्या हातानं खांद्याला लावा, आधी सांगून. जोर नाही. गोळ्या संपू देत, डॉक्टरांना विचारा, मग अज्जांच्या हाताखाली जा आणि पोटभर ओरडा. परत सांगा."

मी सांगितलं. मी गोळी चालू असेतो जोराची मालिश करून घेणार नाही. करणाऱ्याला गोळीचं आधी सांगेन. कढत पाण्यात बसणार नाही. उठताना सावकाश उठेन. एकही चूक झाली नाही. त्यांनी पाकिटावर एक पंजा काढला, त्यावर फुली मारली आणि पाकीट दिलं.

पाठांतर उत्तम झालं. करायचं काय, हा प्रश्न राहिला.

कारण त्या घरात त्या मालिशीला फार मोठा अर्थ होता. अज्जा घरात आलेल्या नव्या जावयाला 'पाहुणे' म्हणत. 'पाहुणे, बसा. पाहुणे, चहा घ्या.' ह्यापलीकडे बोलणं नाही. पहिल्या दिवाळीत नरकचतुर्दशीला पहाटे चटई अंथरायची, जावयानं तिच्यावर पालथं पडायचं आणि अज्जांच्या हाताखालून निघायचं. निघाला की अज्जा त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणत, "ऊठ रे!" त्या दिवसापासून तो 'अरे'. घरचा. मोठे भावजी अजून ती थाप आठवून खांदा चोळायचे, पण डोळ्यांत त्यांच्या अभिमान असायचा. मी आधीच परगावचा, सारात गूळ पडला तर तोंड वाकडं करणारा. मालिश नको म्हणालो असतो तर जन्मभर पाहुणाच राहिलो असतो. बायकोच्या माहेरी जन्मभर पाहुणा म्हणून राहणं कसं असतं, ते ज्यांनी भोगलंय त्यांनाच विचारा.

ही वाटेत म्हणाली, "तुम्ही सांगा ना अज्जांना."

मी म्हणालो, "तू सांग. तुझे अज्जा."

"मी नातीनं असं बोललं तर बरं दिसेल?"

"मग मी जावयानं बोललं तर?"

शेवटी कुणीच सांगितलं नाही. आदल्या संध्याकाळी हंडा घासून, चुन्याच्या रेघा ओढून, पाणी भरून, झेंडूची माळ घालून ठेवलेला मी पाहिला. सासूबाई शिकेकाई भिजवत होत्या. अज्जा तिळाचं आणि एरंडाचं तेल एकत्र करून, त्यात काहीबाही टाकून मंद आचेवर ठेवत होते. मला बघून म्हणाले, "पाहुणे, झोपा लवकर." त्यांच्या आवाजात त्या दिवशी एक उत्साह होता. ते बघून मी 'हो' म्हणून झोपायला गेलो.

पहाटे उठलो, कंबर ठणकत होती, म्हणून आधी गोळी घेतली. चंद्रकोरीचीच, आणि तीही रिकाम्या पोटी. खरं सांगायचं तर हिची ती कल्पना माझ्याही डोक्यात शिरली होती: न ओरडणारा पहिला जावई! मला तर ते दृश्यच दिसत होतं. अज्जा दमलेत, घाम पुसताहेत, आणि मी शांतपणे विचारतोय, झालं का? गोळीचा अंमल चढत होता बहुतेक.

बाहेर फटाके सुरू झाले होते. अंगणात चटई पडली. मी कुशीवरून आडवा झालो, मग पालथा. घरातली सगळी माणसं ओसरीवर गोळा झाली. माझं ओरडणं ऐकायला पेठेतल्या दोन म्हाताऱ्याही आल्या होत्या. अज्जांनी तेलाचं भांडं घेतलं, बाह्या सारल्या. तेल कोमट होतं, मला तर डोळे मिटावेसे वाटू लागले.

तेवढ्यात फाटकात सायकलची घंटी वाजली.

मान वळवून बघतो तो अण्णा! स्वेटर, डोक्याला माकडटोपी, तिच्यातून फक्त डोळे आणि मिशा. राजाजीनगरातून पेठेपर्यंत फटाक्यांच्या धुरातून सायकल मारत आले होते. धाप लागली होती.

"झाली का सुरू?" त्यांनी पहिलं वाक्य टाकलं.

"कोण तुम्ही?" अज्जा.

"ह्यांना गोळी दिली ती मी."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. चटईवर तेल लावून पालथा पडलेला माणूस त्यापलीकडे काही करू शकत नाही.

अण्णांनी टोपी काढली आणि अज्जांना नमस्कार केला. मग सगळं सांगितलं. दुकानात सांगितलं होतं तसंच, पण फार अदबीनं. "कालच डॉक्टरांच्याही घरी जाऊन आलो," ते म्हणाले. "तेही म्हणाले, जोराची मालिश आत्ता नको. ह्यांच्याकडून परत म्हणवून घेतलं होतं मी. अगदी चोख म्हटलं ह्यांनी. म्हणून तर झोप लागली नाही मला. एवढं चोख म्हणणारा माणूस करत काही नाही."

अज्जांचा चेहरा बदलला. "ह्या हातानं आजवर एका जावयाला इजा झालेली नाही."

"कशी होईल? ते ओरडले, तुम्ही हात उचललात. माहिताय मला. तुमच्यासारखा ऐकणारा हात बंगळुरात नाही, असं माझे वडील सांगायचे. पण हे आज ओरडणार नाहीत, अज्जा. ह्यांना कळणारच नाही. ऐकणार काय तुम्ही?"

अज्जांनी तेलाचं भांडं खाली ठेवलं. सासूबाई पदर तोंडाशी धरून उभ्या. हा सगळा गोंधळ माझ्यामुळे, हे सहन न होऊन मी म्हणालो, "असं काही नाही, मी अगदी ठणठणीत आहे," आणि ते सिद्ध करायला ताडकन उठून उभा राहिलो.

कुशीवर नाही, बसणं नाही, भिंत नाही.

अंगण डावीकडे गेलं, हंडा उजवीकडे आला. मी हात पसरले आणि सापडलं ते धरलं. ते मोठ्या भावजींचं धोतर होतं. भावजींनी धोतर सोडलं नाही आणि मी भावजींना सोडलं नाही, म्हणून आम्ही दोघंही वाचलो. ओसरीवरच्या म्हाताऱ्यांचं येणं अगदीच वाया गेलं नाही.

मला धरून बसवलं. पाणी पाजलं. अज्जांनी तेलाचं भांडं पुन्हा उचललं. मग माझ्याशेजारी उकिडवे बसले आणि तेलाचं बोट माझ्या टाळूला लावलं. त्या तेवढ्या मोठ्या हाताचा स्पर्श कसा होता सांगू, लहान मुलाच्या टाळूला आई लावते तसा. "एवढं चालेल का हो?" त्यांनी अण्णांना विचारलं. अण्णांनी होकारार्थी मान डोलावली.

"पाहुणे," अज्जा मला म्हणाले, "मला सांगायचं होतं. मी काय राक्षस आहे?"

मी 'पाहुणे'च राहिलो, हे माझ्या लक्षात आलं. हिच्याही आलं, तिचे डोळे भरले.

पण अज्जांची खरी अडचण पुढंच होती. ते चटईकडे बघत म्हणाले, "ही अंथरलीय. तेल तापलंय. देवाला दिवा दाखवून झालाय. अंथरलेली चटई आमच्या घरात रिकामी गुंडाळत नाहीत. आता काय करायचं?"

भावजी दोन पावलं मागे सरले. दुसरं कुणी पुढं येईना.

अण्णांनी इकडे तिकडे पाहिलं. "मी कुठली गोळी घेत नाही," ते म्हणाले. मग ज्याची अक्कानं आशा सोडली होती ते घडलं. त्यांनी स्वेटर काढला, नीट घडी करून सायकलच्या सीटवर ठेवला, खालची बनियनही काढली. आत एक बारकुडा, पांढरट, लाजाळू माणूस होता. पन्नाशी कधीच ओलांडलेला. तो चटईवर पालथा पडला आणि म्हणाला, "चालू द्या, अज्जा. मी ओरडेन."

आणि ते ओरडले. असं ओरडणं त्या घरानं त्याआधी ऐकलं नव्हतं. कन्नडमध्ये सुरू व्हायचं, मराठीत चढायचं आणि तमिळमध्ये संपायचं. "अय्यो अज्जा, स्वल्प हळू! आई गं! पाहुण्यांना… कोमटच पाणी… अप्पा! कढत नाही… आणि काहीतरी खायला… अय्यय्यो, तिथं नको!" फटाके बंद करून पोरं गोळा झाली. सासूबाई पदरात तोंड खुपसून हसत होत्या, अज्जांचा चेहरा उजळला होता. प्रत्येक ओरडण्याला त्यांचा हात बरोबर अर्ध्यावर थांबत होता, सरकत होता, पुन्हा उतरत होता. अण्णा म्हणाले होते ते मी डोळ्यांनी पाहिलं. तो हात खरंच ऐकत होता.

पुढची दिवाळी येईतो माझी कंबर बरी झाली. डॉक्टरांना विचारून मी त्याच चटईवर पडलो, ओरडलो, 'अरे' झालो. पेठेत माझं ओरडणं मध्यम प्रतीचं मानलं गेलं. अण्णाही होते त्या दिवशी. त्यांची चटई माझ्या शेजारी. अज्जा होते तोवर दर दिवाळीला ती पडत राहिली. सायकलवरून येताना ते अक्कालाही डबलसीट आणत, कारण भाऊ उघड्या अंगानं बसलेला तिला बघायचा असे. दुकानावर त्या दिवशी पाटी लटकायची: येतो. ते दुकान आता तिथं नाही. अण्णाही नाहीत. माझ्याजवळ आहे तो एका पाकिटाचा कागद, त्यावर एक पंजा आणि त्यावर फुली.

पण मला आठवतो तो पहिल्या दिवाळीचा शेवट. मालिश संपली होती. अण्णा तेलानं चकाकत पालथे पडले होते, घसा बसलेला. मी खांबाला टेकून कज्जाय खात होतो. म्हणजे आपला अनारसाच. अज्जांनी हात पुसले, आणि रीतच ती, म्हणून त्या पाठीवर एक थाप मारली.

"ऊठ रे!"

अण्णा हलले नाहीत. आम्हाला वाटलं, काही झालं की काय. मग चटईत खुपसलेल्या तोंडातून बसक्या आवाजात शब्द आले.

"परत सांगा."

अज्जांना वाटलं, ऐकू आलं नाही. ते कानाशी वाकले आणि दुप्पट आवाजात म्हणाले, "अरे, ऊठ म्हटलं! पाणी निवतंय तुझं!"

अण्णा उठले. सावकाश. आधी कुशीवर, मग बसले, मग भिंत धरून.